इंजिन बंद करण्याविषयी

डिचोलीची मामलेदार कचेरी, खिडकी क्रमांक चार.
सर्वे नंबर एकशे बारा, पोटविभाग तीन:
मयत बापाचं नाव कंसात, खाली मुलाचं.
एका ओळीचं काम.
मी एंटर दाबलं.

कर्सर लुकलुकत राहिला.

समोर शाणू गावस, लाटंबार्सेहून आलेले,
दीडची बस गाठायची म्हणून उभेच.
"कितें जालें बाये?"
"सर्व्हर स्लो आसा."
हे वाक्य आम्ही कोऱ्या फॉर्मांसारखं गठ्ठ्यानं ठेवतो,
मागेल त्याला एक देतो.

खरं म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हतं.
स्वल्पविराम राहिला? लाइन तुटली?
राबणारी क्वेरी आणि ताटकळणारी क्वेरी,
पडद्यावर दोघींचा चेहरा एकच.
मी उगाच की-बोर्ड झटकला,
माउसची वायर काढून पुन्हा लावली,
शाणूंना दिसावं की काहीतरी चाललंय.

पंचवीस मिनिटांनी दुसरी विंडो उघडून
यंत्रालाच विचारलं: कोण कुणासाठी अडलंय?
त्यानं तत्काळ सांगितलं.
म्हणजे त्याला सगळा वेळ माहीत होतं.
विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,
एवढंच काय ते त्याला कुणीतरी शिकवलेलं.

सेशन चार हजार एकाहत्तर. पणजी. इडालिना कुलासो.
नऊ बावन्नला तीच ओळ हातात धरली,
आणि कमिट न करता उठून गेली.
तोडता आलं असतं. एक आज्ञा,
आणि तिची अख्खी सकाळ पुसली जाते.
मी फोन केला.
ती बांबोळीला, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, आईला सलाइन लावलेलं.
"सायबा! म्हज्या फाटल्यान कोण रावला
हें माका खंय खबर?"

शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी सांगून तिनं कमिट करवलं.
माझा कर्सर एक पायरी उतरला.
दीडची बस केव्हाच गेली होती.

संध्याकाळी नार्व्याच्या धक्क्यावर
फेरीबोट दिवाडीच्या काठाला.
दिसत होती: रॅम्प टेकलेला,
विटांचा एक टेम्पो मागे मागे चढत होता.
मी स्कूटरचं इंजिन बंद केलं.
रांगेतल्या सगळ्यांनीच केलं.
कुणी हेल्मेट काढलं, कुणी मासळीची पिशवी सावलीत सरकवली.
थांबायचं आहे, एवढं कळलं
की माणूस इंजिन बंद करतो.
नाही कळलं तर मूठ पिळत राहतो जागच्या जागी,
आधी गाडीला शिव्या, मग स्वतःला.

मी वर टिपण पाठवलं. तीनदा.
विराज काकोडकर म्हणाला, लोक घाबरतील,
लॉग भरून वाहतील, यंत्रानं एवढं बडबडू नये.
मी लिहिलं: रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना
काही सांगू नका, त्यांची बस चुकत नाही.
जिथे खुर्चीत माणूस आहे तिथेच,
दोन सेकंदांनंतर, एक ओळ:
थांबलंय, अमक्यासाठी, इतक्या वेळापासून.
आणि जमलं तर त्या अमक्याच्याही कानावर घाला,
की बाई, तुझ्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे.

शेवटचं अजून जमलेलं नाही.
ओळ मात्र आली, चतुर्थीच्या सुट्टीनंतर.
पहिल्यांदा उमटली तेव्हा
समोर मयेची एक म्हातारी होती, हातात घडी घातलेला दाखला.
थांबलंय. सेशन पाच हजार दोनशे अठरासाठी.
पाच हजार दोनशे अठरा म्हणजे मीच,
जेवायला उठताना अर्धवट सोडलेली माझीच विंडो.

"कितें जालें?"
"कुलूप म्हजेंच. दोन मिन्टां बस."

तिनं मान हलवली,
बाकापाशी गेली,
आणि बसायच्या आधी चपला काढल्या.